साहेबाची बोलकी पेटी आणि माझे सहा नारळ

बदकं मारायला कुणी समुद्र ओलांडून जात नाही. आमच्या खाडीत थंडीच्या दिवसांत एवढी बदकं उतरतात की दगड मारला तरी एखादं लागावं. मी मात्र सदुसष्टाव्या वर्षी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले असताना, बोटीच्या डेकवर पाच दिवस ओकत दुबईला गेलो आणि तिथल्या चिखलात बसून बदकं बोलावली. शहाणा माणूस असं करत नाही. माझी शाळा तिसरीपर्यंत, त्यातही दुसरी दोनदा. तेव्हा शुद्धलेखन बघणाऱ्यांनी दुसरं काही वाचावं.

जायचं का ठरलं

माझी बायको हलीमा गेल्या रमजानात वारली. आठ दिवस ताप, नवव्या दिवशी खलास. मुलगा युसूफ दुबईत एका तेल शोधणाऱ्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. त्याला तार केली. त्यानं रजेचा अर्ज केला. साहेबानं अर्जावर लिहिलं, की बाई वारलेलीच आहे, आता जाऊन काय उपयोग, माल उतरायचा आहे. हिशोब बरोबरच होता म्हणा. साहेबलोकांचे हिशोब चुकत नाहीत.

मग डिसेंबरात युसूफचं पत्र आलं. पहिल्या पानावर, बावा, चार महिने इकडे येऊन राहा, मन रमेल. दुसऱ्या पानावर खरी गोष्ट. साहेबाला बदकाच्या शिकारीचं वेड आहे. कंपनी दोन खोल्यांची फॅमिली क्वार्टर्स बांधते आहे, ती कुणाला द्यायची ते साहेब ठरवणार. आणि युसूफनं साहेबाला सांगून ठेवलं होतं, की माझा बाप नुसत्या तोंडानं हाक मारून आभाळातलं बदक खाली उतरवतो.

क्वार्टर मिळालं तर आमची सून जुबेदा दुबईला जाणार. लग्नाला चार वर्षं झाली, त्यात नवरा-बायको एकत्र किती राहिले म्हणाल तर एकूण पाच महिने. पोरीनं पत्र मला वाचून दाखवलं आणि दुसरं पान वाचताना तिचा आवाज बारीक झाला. मी म्हटलं, "जातो."

आता खरं सांगतो. ते या आधी कुणाला सांगितलेलं नाही. मला बदकाची हाक येत नाही.

वीस वर्षं मुंबईचे शेठ, जकातीचे अधिकारी, एक रिटायर मामलेदार माझ्याबरोबर खाडीत शिकारीला येत. मी होडीत उभा राहून तोंडाशी हात धरायचो, गाल फुगवायचो, आणि बदकं फिरून खाली यायची. शेठ म्हणायचे, वा मियां! आवाज माझा नव्हताच. वीस पावलांवर कांदळाच्या झाडीत हलीमा बसलेली असायची, काळी ओढणी घेऊन, हातात कालवं काढायची कोयती. कुणी पाहिलंच तर कालवं काढायला आली होती. ती तोंडात घोटभर खाडीचं पाणी धरून गळ्यातून असा आवाज काढायची की मादी बदकानंही मान खाली घालावी. परक्या पुरुषांच्या शिकारीत बायको नेतो म्हटलं असतं, तर गावानं माझं पाणी तोडलं असतं. म्हणून नाव माझं झालं. पहिल्या वर्षी लाज वाटली. दुसऱ्या वर्षापासून बरं वाटायला लागलं. युसूफ तेव्हा मुंबईत मामाकडे, आधी शाळेत, मग कामाला. त्यालाही बापाचंच कौतुक कळलं.

म्हणजे जिनं हाक मारायची ती कबरस्तानात, आणि मी हाक मारायला दुबईला निघालो. सामानात सहा नारळ घेतले, सोडणासकट, म्हणजे वरची साल न काढता, वरून होडीचं डांबर लावलेले, प्रत्येकाला पांगाऱ्याच्या लाकडाची बदकाची मान बसवलेली, पाण्यात सोडून खऱ्या बदकांना फसवायला. हे नारळ तेवढे खरोखर माझे.

दुबई

दुबईला बोट धक्क्याला लागत नाही, कारण धक्का नाही. बोट बाहेर समुद्रात उभी राहते, आणि तुम्ही दोराच्या शिडीनं खाली छोट्या होडीत, पडावात, उतरायचं. उतरायचं म्हणजे पडायचं. माझ्याआधी एक कोंबड्यांचा पिंजरा उतरवला, तो माझ्यापेक्षा जपून.

जकातीवर एका अरबानं माझे नारळ उचलून हलवून पाहिले. त्याला मान दिसली, चोच दिसली.

"हे काय?"

युसूफ घ्यायला आला होता. तो म्हणाला, "बदक."

अरबानं माझ्याकडे पाहिलं, पुन्हा नारळाकडे पाहिलं, आणि मुलाला काहीतरी म्हणाला. मी विचारलं, काय म्हणतो? युसूफ म्हणाला, "म्हणतो, म्हाताऱ्याला उन्हात ठेवू नकोस."

गाव म्हणाल तर आपल्या एखाद्या बंदराएवढं. मधून खाडी, या काठाला देरा, त्या काठाला दुबई, मधे माणसं वाहणारी होडकी. श्रीमंतांच्या घरांवर उंच मनोरे, त्यातून वारा खाली खोलीत येतो. गरिबांची घरं खजुरीच्या झावळ्यांची. आमच्याकडे अशात बैल बांधतात. इथे आपली बीए झालेली पोरं राहतात आणि गावी पत्रात लिहितात, इकडे सगळं उत्तम. गोडं पाणी गाढवावरून डब्यांत येतं. मी पहिल्या दिवशी हातपाय धुवायला एक डबा संपवला. युसूफच्या खोलीतल्या दोघा रत्नागिरीकरांनी संध्याकाळी समुद्रावर जाऊन तोंडं धुतली.

जेवणाची तक्रार नाही. आपली सुरमई इथे कनअद म्हणून मिळते, आणि अरब तिची भातात घालून वाट लावतात. कोकम नाही, ओला नारळ नाही, सुकं लिंबू टाकतात. मी एकदा डेगचीत माझं तिरफळ टाकलं, तर खोलीतल्या दोघा रत्नागिरीकरांनी ताटं पुसून खाल्ली. एक जण म्हणाला, "चाचा, अजून आहेत?" पैसे इथेही रुपयेच चालतात, पण लाल रंगाचे, गावी न चालणारे. तेवढीच काय ती परदेशात आल्याची खूण.

साहेबाचा बंगला

चौथ्या दिवशी साहेबानं बोलावलं. उंच, उन्हानं भाजून कोळंबीसारखा लाल झालेला माणूस. कराचीत नोकरी केलेली, म्हणून हिंदी बोलतो, पण सगळ्यांना नोकर समजून.

"बुड्ढा, तुम डक बोलाता?"

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं मी वीस वर्षं समजत आलो आहे.

त्यानं आपली हत्यारं दाखवली. रबराची बारा बदकं. एक पत्र्याचं बदक, पोटात किल्ली. किल्ली दिली की पाय मारत पाण्यात फिरतं. आणि सगळ्यात शेवटी, नव्या नवरीसारखी कपड्यात गुंडाळलेली, एक पेटी. वर दोन चाकं, चाकांवर तपकिरी फीत. मोटारीच्या बॅटरीला जोडली, कान पिळला, आणि आतून बदक ओरडायला लागलं. विलायतेतल्या तळ्यावर धरलेला आवाज म्हणे. साहेब माझ्याकडे असा बघत होता की जणू अंडं त्यानंच घातलं आहे.

आवाज चांगला होता, खोटं का बोलू. विलायतेतलं कुठलं तरी बदक, त्याचा आवाज कुणीतरी जपून फितीत ठेवला. आमच्याकडे हलीमाचा एक फोटोसुद्धा नाही.

"फ्रायडे," साहेब म्हणाला. "पहले मेरा मशीन. फिर तुम. देखेगा कौन अच्छा."

बाहेर आल्यावर युसूफ खूश. "बावा, यल्ला, चला, तयारी करा. स्टोअरमधला गोवेकर पण क्वार्टर मागतोय. पण त्याचा बाप काय बदक बोलावत नाही."

"तुझा तरी कुठे—" एवढं माझ्या तोंडात आलं होतं. पोराचं तोंड पाहून गिळलं.

तीन दिवस मी खोलीच्या गच्चीवर बसून सराव केला. तोंडात पाणी धरलं, जीभ मागे घेतली, गळ्यातून आवाज काढला. पहिल्या दिवशी पाणी नाकातून आलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून एका म्हातारीनं मधात घालून काहीतरी काळं औषध पाठवलं. तिसऱ्या दिवशी कंपनीचा ड्रायव्हर सालेम आला. बदू माणूस, वाळवंटातला, हिंदी आमच्या पोरांकडून शिकलेला. त्यानं थोडा वेळ ऐकलं.

"चाचा, किसको बुलाता?"

"बदक को."

"अच्छा," म्हणाला. "मेरा ऊंट खडा हो गया."

सालेमच्या मते ही सगळीच वेड्यांची कामं. त्याच्याकडे ससाणा. सोडला की जातो, धरतो, आणतो. "साहब पंछी को झूठ बोलता, तुम पंछी को झूठ बोलता. हम नहीं बोलता."

शुक्रवार, खाडीचा शेवट

देऱ्याच्या मागे खाडी आत वळते आणि शेवटी पसरून नुसता चिखल होते. फजरची नमाज वाळूवर पढली आणि उजाडता उजाडता जागेवर पोचलो. थंडी आपल्यासारखीच, वारा मात्र बेशरम. लांब उथळ पाण्यात गुलाबी रंगाचे, काठीएवढ्या पायांचे पक्षी हजारोंनी उभे. साहेबानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते खाता येत नाहीत. आम्ही चौघं खजुरीच्या झावळ्यांच्या आडोशाला बसलो, साहेब, युसूफ, सालेम आणि मी. मांडीपर्यंत चिखल. सदुसष्ट वर्षं कोकणात काढून मी चिखल बघायला परदेशी आलो.

साहेबानं रबराची बदकं मांडली, रांगेत, शाळेच्या कवायतीसारखी. पत्र्याच्या बदकाला किल्ली देऊन पाण्यात सोडलं. ते फटफट पाय मारत निघालं ते थेट खाडीच्या तोंडाकडे, कारण ओहोटी लागली होती. ओहोटीचं शास्त्र किल्लीत बसवायला विसरले असावेत.

"सालेम! पकडो!"

सालेम जागचा हलला नाही. "साहब, वो ईरान जा रहा. पासपोर्ट है?"

मग पेटी. कान पिळला, बदक बोलायला लागलं. पूर्वेकडून एक थवा आला, वीस-पंचवीस. वळला. आमच्याकडे तोंड करून खाली यायला लागला. पेटी बोलतेच आहे. थवा आणखी जवळ, पेटी आणखी बोलते, न थांबता, श्वास न घेता. बंदुकीच्या टप्प्यात यायच्या आधी सगळ्या थव्यानं अंग झटकलं आणि तीरासारखा वर गेला. दुसरा थवा, तीच तऱ्हा. तिसऱ्याला तर गंमतच झाली. फितीवरचं बदक संपलं आणि त्याच्या मागोमाग कुठली तरी मडम गायला लागली, पियानोवर. साहेबानं जुनी फीत वापरली असणार. बदकं तर गेलीच, लांबचे गुलाबी पक्षीही दोन पावलं सरकले.

साहेबाचा कोळंबीचा रंग खेकड्याचा झाला. "अब तुम, बुड्ढा."

मी माझे नारळ काढले. सहाही एका काथ्याच्या दोरीवर, लांबच्या टोकाला दगड, जवळचं टोक माझ्या हातात. मांडले ते वाकडेतिकडे, दोन जवळ, एक रुसल्यासारखा लांब. दोरी जरा खेचली की मान खाली घालून डुबक्या मारतात. हे काम मला येतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

थवा आला. मी पाण्याचा घोट घेतला, गाल फुगवले आणि हाक मारली. जे काही बाहेर आलं त्याला हाक म्हणायची तर म्हणा. थवा सरळ निघून गेला. सालेमनं तोंड फिरवलं. साहेब हसला. आणि युसूफ... तो माझ्याकडे बघत होता, लहानपणी जत्रेत हात सुटल्यावर बघितलं होतं तसा. "बावा," हळू म्हणाला, "थंडीनं गळा बसलाय ना?"

मला पळवाट देत होता पोरगा. वीस वर्षांत मला ज्यानं त्यानं पळवाटच दिली.

तेवढ्यात पश्चिमेकडून दुसरा थवा दिसला. तलवार बदकं, लांब शेपटीची, तीसएक. ती आमच्यावरून गेली आणि पाठ फिरवून लांब निघाली. तेव्हा मला एकदम कळलं की मला काय येतं. आवाज हलीमाचा होता, पण वीस वर्षं मी तो आवाज ऐकत उभा होतो. तो कधी सुरू व्हायचा आणि कधी थांबायचा ते माझ्या हाडांत बसलं होतं. ती म्हणायची, "पाठ दिसली की बोलवायचं, छाती दिसली की गप. जो येतोय त्याला कशाला हाका? तो येतोच आहे."

"युसूफ, त्या पेटीचा कान माझ्या हातात दे. आणि ती बाई कापून टाक."

त्यानं फीत मागे फिरवली. मी एका हातात दोरी धरली, एका हातात पेटीचा कान. थव्याची पाठ दिसत होती. कान पिळला, दोन हाका, बंद. थवा वळला. छाती दिसली. मी गप्प. साहेब कुजबुजला, "बजाओ, बजाओ!" मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसती दोरी हलवली, नारळांनी डुबकी मारली. थवा पुन्हा जरा तिरका झाला, पाठ. एक हाक, छोटी. बंद. मग इतकी शांतता की चिखलातले बुडबुडे ऐकू यावेत, आणि त्या शांततेत तीस बदकं पंख उलटे करून, पाय पुढे काढून, माझ्या सहा नारळांवर उतरायला लागली.

साहेबानं दोन्ही नळ्या झाडल्या. सालेम "बिस्मिल्ला" ओरडत सुरा घेऊन चिखलात धावला. पडलेलं बदक जिवंत असतानाच कापलं तर ते हलाल, म्हणून आपलं. आधीच मेलं तर ते साहेबाचं. मी एवढा चपळ बदू आणि एवढी सरळ वाटणी दुसरी पाहिली नाही. दुपारपर्यंत चार साहेबाची आणि सात आमची.

साहेब एकदम माणसात आला. आपल्या फ्लास्कमधला चहा मला दिला. म्हणाला, "बुड्ढा, वेरी गुड. किसने सिखाया? बाप?"

इथे मान हलवली असती तर भागलं असतं. माझी मान तयारही झाली होती. पण वर आभाळात उरलेली बदकं अजून फिरत होती, आणि मला वाटलं, आता पुरे.

"मेरी बीवी ने," मी म्हटलं. "मुझे बोलाना नहीं आता. कभी नहीं आया. बीस साल वो झाडी में बैठकर बोलाती थी, मैं सिर्फ गाल फुलाता था."

युसूफच्या हातातलं बदक खाली पडलं. साहेब आधी समजला नाही, मग समजला आणि मांडीवर थाप मारून हसला. चांगलं, मोकळं हसला. "औरत! वंडरफुल! युसूफ, अगला साल मदर को लाओ. हम देखना मांगता."

युसूफनं मान खाली घातली. त्याचा हात माझ्या बाहीवर आला आणि बाही घट्ट धरली, म्हणजे, बावा, गप्प राहा. क्वार्टर, जुबेदा, चार वर्षं, सगळं त्या बोटांत होतं. मला कळत होतं. मी मूर्ख आहे, बहिरा नाही.

"साहब," मी म्हटलं, "वो मर गयी. रमजान में. आपके पास छुट्टी की अर्जी आयी थी. आपने उस पर लिखा था."

साहेबाच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच राहिलं आणि डोळे मात्र बदलले. त्यानं युसूफकडे पाहिलं, मग पाण्याकडे. मग उठून स्वतःच्या हातानं रबराची बदकं गोळा करायला लागला, एकेक करून, सालेमला न सांगता.

खोलीवर आल्यावर युसूफ बोलला. "संपवलंत बावा. आता गोवेकराला क्वार्टर."

"असेल."

"आणि आय... मला एकदाही सांगितलं नाही तिनं."

"मीच नको म्हटलं होतं."

"का?"

"बरं वाटायचं मला. दुसरं काय?"

त्यानं सातही बदकं स्वतः साफ केली. मला हात लावू दिला नाही. पण ताटात पहिला तुकडा मला वाढला, मानेजवळचा, मला आवडतो तो.

चार दिवसांनी साहेबाचा कागद आला. क्वार्टर युसूफला. त्याच्याबरोबर दोन महिन्यांची रजा, न मागितलेली. शिकारीत साहेब किती खूश झाला, असं आमच्या खोलीतले लोक म्हणत राहिले. बदकांनी झालं असेल की शरमेनं, ते साहेब जाणे. मी त्यांचं कौतुक मोडलं नाही.

परत

युसूफ माझ्याबरोबरच आला. आधी आईच्या कबरीवर गेला. तिथे काय बोलला ते मी विचारलं नाही. गावातल्या चार जुन्या लोकांना मी शिकारीची खरी गोष्ट सांगितली. दोघे हसले. एक म्हणाला, तोबा, परपुरुषांत! आणि चौथा, होडीवाला, म्हणाला, "मला पहिल्या वर्षीच माहीत होतं. तुझा श्वास कधी चढायचाच नाही."

जुबेदा ट्रंक भरत होती तेव्हा मधेच थांबली. "आणि तुमचं काय, बावा? भाकरी कोण करील?"

"भाकरी जमेल मला. गोल नसली म्हणून काय, पोटात गेल्यावर कोण बघतंय?"

गेल्या महिन्यात दोघं बोटीवर चढली. आता घरात मी आहे, एक मांजर आहे, आणि पहिल्या दोन भाकऱ्या मांजरानंही खाल्ल्या नाहीत. दुबईहून परतलेला प्रत्येक जण काही ना काही घेऊन येतो. कुणी घड्याळ, कुणी अत्तर, कुणी रेशमी कापड. घरात उरलेलं एकुलतं एक माणूसही तिकडे देऊन आलेला, असा मात्र गावात मी एकटाच. शेजारीण म्हणते, चाचा, वाईट वाटत असेल. वाटतं की. पण परवा पोरीचं पत्र आलं, अवघं एक पान, आणि अक्षर इतकं घाईत की वाचायला मला दोन दिवस लागले. सुखात असलेली माणसं असंच लिहितात.